पात्रतेचे घड्याळ

हक्क नाकारायचा असला की आधी माणसाची पात्रता नाकारायची, ही प्रस्थापितांची जुनी रीत आहे. १९२८ साली सायमन आयोगापुढे बाबासाहेबांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली, तेव्हा निरक्षर माणसाला मताचे मोल काय कळणार, हाच आक्षेप आडवा होता. ही रीत एका रोगाच्या इतिहासातही अवतरली. तो रोग म्हणजे एड्स, आणि पात्रतेच्या पिंजऱ्यात उभा केला गेला तो आफ्रिकेतील काळा माणूस.

१९९६ च्या सुमारास तीन औषधे एकत्र देण्याची उपचारपद्धती रूढ झाली आणि श्रीमंत देशांतील एड्सचे मृत्यू झपाट्याने घटले. वर्षाचा खर्च माणशी दहा हजार डॉलरच्या घरात होता. बहुसंख्य बाधित मात्र सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत होते, आणि ते मरत राहिले. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संघटनेला हीच औषधे वर्षाला माणशी ३५० डॉलरना देऊ केली. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्याने औषधी पदार्थावरच मक्तेदारी दिलेली नव्हती, म्हणून हे शक्य झाले.

किमतीची सबब लटकी पडू लागली, तेव्हा दुसरी सबब ऐकू येऊ लागली. अमेरिकेच्या परराष्ट्र मदत संस्थेचे तत्कालीन प्रमुख अँड्र्यू नॅत्सिओस यांनी २००१ च्या जूनमध्ये सांगितले, की आफ्रिकेतील अनेकांना घड्याळ ठाऊक नाही. ठरल्या वेळी गोळ्या घेणे त्यांना जमणार नाही. गोळ्या चुकत गेल्या की विषाणू औषधाला दाद देईनासा होतो, हे शास्त्रीय सत्य आहे. या सत्यातून रुग्णाला नेम राखता यावा म्हणून काय करावे, असा प्रश्न निघायला हवा होता. निघाला तो, या माणसांना औषध द्यावेच का, असा!

याचे उत्तर केप टाऊनलगतच्या खायेलित्शाने दिले. वर्णभेदी राजवटीने काळ्या लोकांसाठी वसवलेली ही पत्र्याच्या घरांची वस्ती. मे २००१ मध्ये तेथील सरकारी दवाखान्यांत याच संघटनेने उपचार सुरू केले. प्रत्येक रुग्णाने आपल्याच माणसांतून एक सोबती निवडायचा, रुग्णांनी गटात बसून एकमेकांना धीर द्यायचा, अशी व्यवस्था होती. पहिल्या २८७ प्रौढांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. बहुतेक जण मरणाच्या दारात असताना आले होते. तरी दोन वर्षांनी जगण्याचे प्रमाण सुमारे ८६ टक्के होते. याच काळात ‘ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन’चे झॅकी अहमत यांनी, सरकारी दवाखान्यात सर्वांना मिळेपर्यंत आपण औषध घेणार नाही, असा निर्धार करून आपल्याच सरकारशी लढा दिला.

२००६ साली अनेक अभ्यासांची बेरीज मांडली गेली. औषध पुरेशा नेमाने घेणाऱ्यांचे प्रमाण आफ्रिकेत ७७ टक्के आणि उत्तर अमेरिकेत ५५ टक्के भरले. यावरून एक वंश दुसऱ्याहून सद्गुणी ठरत नाही. नेम मोडतो तो कशाने, हे मात्र अशा संशोधनातून उघड झाले: पदरचा खर्च, लांबचा प्रवास, संपलेला साठा, घरीदारी रोग कळण्याची भीती.

पुढे २०११ साली नऊ देशांतील जोडप्यांवरच्या संशोधनाने, ज्यात आपले पुणेही होते, दाखवले की लवकर उपचार मिळाल्यास जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते. म्हणजे ज्यांना औषध नाकारले, त्यांच्या जोडीदारांचे संरक्षणही नाकारले गेले होते.

भारतात सरकारी दवाखान्यांतून हे औषध १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळू लागले. पण फुकट गोळीपर्यंत पोहोचायला प्रवास करावा लागतो आणि दिवसाची मजुरी बुडते. दवाखान्याच्या कागदावर एखाद्या मजूर बाईच्या नावापुढे ‘अनियमित’ असा शेरा पडेल, तेव्हा तो तिच्या स्वभावावर मारण्याआधी तिच्या गावाहून सुटणाऱ्या गाडीची वेळ विचारावी. घड्याळ तिलाही कळते.