मंदावलेले मन : थायरॉईडच्या एका जुन्या तक्रारीचा मागोवा

१८७३ च्या ऑक्टोबर महिन्यात लंडनच्या क्लिनिकल सोसायटीसमोर सर विल्यम गल यांनी पाच स्त्रियांची हकीगत मांडली. चांगल्या हिंडत्याफिरत्या असलेल्या या स्त्रियांचे चेहरे प्रौढ वयात सुजल्यासारखे झाले होते, जीभ जाड झाली होती आणि आवाज बदलला होता. गल यांनी शरीराबरोबर मनाचीही नोंद ठेवली. त्यांच्या एका रुग्णाचे मन पूर्वी चपळ आणि चौकस होते. आता ते संथ झाले होते, कशाचेच फारसे सोयरसुतक नसल्यासारखे. बुद्धी मात्र शाबूत होती. आज पुण्यात किंवा नाशिकमध्ये थायरॉईड ग्रंथीच्या हशिमोटो या आजारासाठी रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घेणारी एखादी बाई डॉक्टरांना सांगते, ‘डोकंच चालत नाही, ऐन वेळी शब्द सुचत नाही, वाचलेलं लक्षात राहत नाही.’ गल यांनी टिपलेली अवस्था तिच्या बोलण्यातून पुन्हा समोर येते. आता तिला ‘ब्रेन फॉग’ म्हणतात आणि नाव ताजे असल्याने तक्रारही ताजीच मानली जाते. प्रत्यक्षात रक्ताची एकही चाचणी नव्हती तेव्हा हा आजार ओळखण्याची ती एक ठळक खूण होती. तिचा मान पुढे कसा ओसरला, हे आपण क्रमाने पाहू.

गल यांच्याही मागे थोडे जाऊ. गळ्यावरची सूज जगाला फार प्राचीन काळापासून ठाऊक होती. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात गलगंडाचे वर्णन आहे. आल्प्सच्या खोऱ्यांत गलगंड आणि मतिमंदत्व एकाच वस्तीत आढळते, हे सोळाव्या शतकातल्या पॅरासेल्ससने हेरले होते. १६५६ साली थॉमस व्हार्टन या इंग्रज वैद्याने गळ्यातल्या या ग्रंथीला थायरॉईड हे नाव दिले. मात्र तिच्या कामांत त्याने मानेला गोलाई आणून ती शोभिवंत करणे हेही मोजले. ग्रंथीचा मनाशी काही संबंध असेल, ही शंका पक्की व्हायला आणखी दोन शतके लागली. १८५० मध्ये थॉमस कर्लिंग यांनी शवविच्छेदनात थायरॉईड मुळीच नसलेल्या दोन मुलींची नोंद केली. दोघींचीही शारीरिक आणि बौद्धिक वाढ खुंटलेली होती. गल यांनी पाहिले ते याच अवस्थेचे प्रौढ वयात उमटलेले रूप. १८७८ मध्ये विल्यम ऑर्ड यांनी त्याला मिक्सिडीमा हे नाव दिले.

यानंतरचे वळण स्वित्झर्लंडमध्ये, शस्त्रक्रियागृहात आले. बर्नचे थिओडोर कोखर गलगंडाच्या शस्त्रक्रियेत अतिशय निष्णात होते. पूर्वी रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग यांमुळे प्राणघातक ठरणारी ही शस्त्रक्रिया त्यांच्या हातून सुखरूप होऊ लागली होती. १८७४ मध्ये त्यांनी एका अकरा वर्षांच्या मुलीची संपूर्ण ग्रंथी काढली होती आणि पुढे तिच्यात विचित्र बदल झाल्याचे त्यांच्या कानावर आले. जिनिव्हाच्या झाक-लुई रेव्हर्दाँ यांनीही १८८२ मध्ये तशाच अनुभवांकडे लक्ष वेधले. तेव्हा कोखर यांनी आपल्या जुन्या रुग्णांना परत बोलावून तपासले. संपूर्ण ग्रंथी काढलेल्या अठरा जणांपैकी सोळा जण मंदावले होते. हालचाल जड, बोलणे सावकाश, विचार रेंगाळणारा. १८८३ मध्ये बर्लिनच्या शल्यचिकित्सकांच्या परिषदेत त्यांनी हे काहीही न लपवता सांगितले आणि साध्या गलगंडासाठी संपूर्ण ग्रंथी काढणे सोडून दिले. १९०९ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले ते याच ग्रंथीवरच्या कामासाठी.

१८८३ मध्येच लंडनच्या क्लिनिकल सोसायटीच्या सभेत फेलिक्स सेमन यांनी एक धाडसी विधान केले. आल्प्समधले मतिमंदत्व, गल यांचा आजार आणि कोखर यांच्या रुग्णांची दशा, या तिन्हींच्या मुळाशी थायरॉईडची उणीव आहे. सभेत फारसे कोणाला ते पटले नाही, पण सोसायटीने चौकशीसाठी समिती नेमली. तिचा अहवाल १८८८ मध्ये आला. त्यात १०९ रुग्णांचा धांडोळा होता. समजायला, विचार करायला, उत्तर द्यायला लागणारा वेळ वाढणे, हे लक्षण जवळजवळ सर्वांमध्ये होते आणि जवळपास निम्म्यांना भ्रम किंवा भास झाले होते. सेमन यांचे म्हणणे खरे ठरले. आपल्या मागोव्यात या अहवालाचे स्थान मोठे आहे, कारण मनाचा मंदपणा त्यात आजाराच्या व्याख्येच्या मध्यभागी आहे.

उणीव कळली की भरपाई सुचते. १८९१ मध्ये न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी ४६ वर्षांच्या एका स्त्रीला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. काही महिन्यांत तिचा चेहरा, बोलणे आणि उत्साह परतला. ती आणखी २८ वर्षे जगली आणि तेवढ्या काळात ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी तिच्या औषधासाठी खर्ची पडल्या. पुढच्याच वर्षी हा अर्क तोंडाने देता येतो हे दिसले. १९१४ च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडॉल यांनी थायरॉक्सिन हे ग्रंथीचे संप्रेरक शुद्ध रूपात वेगळे केले. चार्ल्स हॅरिंग्टन यांनी १९२६ मध्ये त्याची रचना निश्चित केली आणि वर्षभरात जॉर्ज बार्जर यांच्याबरोबर ते प्रयोगशाळेत तयारही केले.

ग्रंथी निकामी होते तरी का, याचे उत्तर जपानमधून निघाले. फुकुओकाच्या क्युशू विद्यापीठातले तरुण शल्यचिकित्सक हाकारू हशिमोटो यांनी १९१२ मध्ये चार स्त्रियांच्या काढलेल्या ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली तपासून जर्मन भाषेत निबंध लिहिला. या ग्रंथी लिंफोसाइट या रोगप्रतिकारक पेशींनी खच्चून भरल्या होत्या. निबंधाकडे फारसे कोणी पाहिले नाही. हशिमोटो गावी परतून डॉक्टरकी करत राहिले आणि १९३४ मध्ये विषमज्वराने वारले. त्यांनी पाहिलेल्या पेशींचा अर्थ १९५६ मध्ये लागला. लंडनमध्ये आयव्हन रॉइट, डेबोरा डोनियाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हशिमोटोच्या रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच थायरॉईडविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. त्याच वर्षी बफेलोत नोएल रोझ आणि अर्न्स्ट विटेब्स्की यांनी सशांमध्ये असा आजार घडवून दाखवला. शरीर स्वतःवर हल्ला करणार नाही, ही पॉल एर्लिख यांच्यापासून चालत आलेली समजूत कोसळली. गल यांच्या स्त्रियांपैकी बऱ्याच जणींना बहुधा हाच आजार असावा, असे आता मागे वळून म्हणता येते.

या काळात मनाकडे कोणी पाहिलेच नाही असे नव्हे. १९४९ मध्ये लंडनच्या रिचर्ड अ‍ॅशर यांनी थायरॉईडच्या उणिवेमुळे वेड लागल्यासारखे झालेल्या चौदा रुग्णांवर लेख लिहिला. डॉक्टरांच्या नजरेतून हे कारण सुटते, हीच त्यांची तक्रार होती. त्यांचे बहुतेक रुग्ण थायरॉईडच्या औषधाने सुधारले. १९६६ मध्ये लॉर्ड ब्रेन आणि सहकाऱ्यांनी हशिमोटोच्या रुग्णात मेंदूचा गंभीर, झटके आणणारा विकार नोंदवला. तो दुर्मीळ आहे आणि रोजच्या धुक्याशी त्याची गल्लत करू नये. पण या दोन्ही लेखांचा परिणाम चमत्कारिक झाला. मनाचे टोकाचे विकार पुस्तकांत शिरले आणि मधला, सौम्य, काम करू देणारा पण थकवणारा मंदपणा बाहेरच राहिला.

तो खरा बाहेर पडला चाचणीमुळे. १९६० च्या दशकात रेडिओइम्युनोअ‍ॅसेच्या तंत्राने टीएसएच, म्हणजे थायरॉईडला चालना देणारे संप्रेरक, रक्तात मोजता येऊ लागले. १९७० मध्ये शरीर थायरॉक्सिनपासून टी-३ हे प्रभावी संप्रेरक स्वतः बनवते हे सिद्ध झाले. त्यामुळे प्राण्यांच्या ग्रंथीची पूड मागे पडली आणि एकट्या थायरॉक्सिनची गोळी प्रस्थापित झाली. टीएसएचने एक मोठे काम केले. पूर्वीचे डोस गरजेपेक्षा जास्त होते हे त्याने दाखवले आणि हृदयाची व हाडांची हानी टळली. मात्र आजाराची व्याख्या आता एका आकड्यात मावू लागली. आकडा जागेवर आला की आजार आटोक्यात, आणि उरलेली तक्रार रुग्णाच्या स्वभावाच्या किंवा वयाच्या खात्यात. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका’ हे वाक्य याच काळाचे अपत्य आहे.

ही उरलेली तक्रार संशोधनात परत आली ती शतकाच्या अखेरीस. १९९९ मध्ये रोबेर्तास बुनेव्हिचुस आणि सहकाऱ्यांनी लिथुआनियातल्या ३३ रुग्णांच्या थायरॉक्सिनचा काही भाग टी-३ ने बदलून पाहिला. मनःस्थिती आणि विचारशक्तीच्या चाचण्या सुधारल्या. पुढच्या बहुतेक चाचण्यांना मात्र तसे यश आले नाही आणि हा वाद अजून मिटलेला नाही. मेंदू आपले टी-३ बऱ्याच अंशी जागेवरच तयार करतो, त्यामुळे रक्तातला आकडा मेंदूची पूर्ण कहाणी सांगेलच असे नाही, ही एक शक्यता. प्रतिपिंडांची चळवळच थकवा आणत असावी, ही दुसरी. २०१९ मध्ये नॉर्वेतल्या एका अभ्यासाने या दुसऱ्या शक्यतेला बळ दिले. टीएसएच नॉर्मल असूनही त्रस्त असलेल्या, प्रतिपिंडांचे प्रमाण फार जास्त असलेल्या १५० रुग्णांपैकी काहींची संपूर्ण ग्रंथी काढण्यात आली. गोळ्या चालू ठेवलेल्या इतरांच्या तुलनेत त्यांचा थकवा पुष्कळ कमी झाला. कोखर यांनी जी शस्त्रक्रिया मन मंदावते म्हणून टाकून दिली, तीच थायरॉक्सिनच्या आधाराने उलट फळ देऊ शकली. तिच्यात गुंतागुंतीचे प्रमाण कमी नव्हते, म्हणून तिला सरसकट उपाय कोणी म्हणत नाही.

आपल्याकडे हा रस्ता फार गजबजलेला आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठ शहरांच्या पाहणीत मुंबई आणि गोवाही होते. तिच्यात १०.९५ टक्के प्रौढांमध्ये थायरॉईडची उणीव आणि २१.८५ टक्क्यांमध्ये थायरॉईडविरुद्धची अँटी-टीपीओ प्रतिपिंडे आढळली. इतक्या लोकांत प्रत्येक विसरभोळेपणा थायरॉईडचा नसणार. हिमोग्लोबिन आणि बी-१२ ची कमतरता, झोपेत श्वास अडणे, रजोनिवृत्ती, नैराश्य ही सारी कारणे तेच धुके निर्माण करू शकतात. गोळीपाठोपाठ लगेच घेतलेला चहा, लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या तिचे शोषणही बिघडवतात. म्हणून टीएसएच नॉर्मल आला की चौकशी संपवायची नसते, या यादीकडे वळवायची असते. यादी तपासूनही धुके उरले, तर ते केसपेपरवर रुग्णाच्याच शब्दांत लिहिले जावे. १८८८ च्या समितीकडे टीएसएच नव्हता. रुग्ण काय सांगतात हेही लिहून ठेवत तिने आजाराचे मूळ शोधले होते.