तुमचं नाव क्लिंगॉनमध्ये कसं लिहायचं?

क्लिंगॉन ही ‘स्टार ट्रेक’मधल्या लढाऊ परग्रहवासीयांची भाषा. मार्क ओक्रँड या भाषाशास्त्रज्ञाने १९८४ च्या चित्रपटासाठी ती रचली, १९८५ मध्ये तिचा शब्दकोश आला. बिंग ट्रान्सलेटरमध्ये ती २०१३ पासून आहे. पण ट्रान्सलेटर अर्थ बघतो, आणि नावाचा तर उच्चार बसवायचा असतो.

त्यासाठी नाव आधी इंग्रजीत लिहू नका. इंग्रजीत ड आणि द दोघांनाही एकच डी. म्हणजे आमचं तुमसर तालुक्यातलं आंबागड परका माणूस ‘आंबागाद’ही वाचेल. सरळ मराठी उच्चारावरून निघा.

आंबागडच घेऊ. क्लिंगॉनमध्ये शब्द स्वराने सुरू होत नाही. आधी घसा क्षणभर बंद करायचा. त्याची खूण अ‍ॅपॉस्ट्रॉफी. ग हा आवाज नाही, म्हणून जवळचा ‘जीएच’ घ्यायचा. हा आपला घ नव्हे, उर्दूतल्या ‘ग़ज़ल’चा ग़. पण ड मात्र आहे! कॅपिटल डी म्हणजे जीभ टाळूकडे वळवून काढलेला आवाज. इंग्रजी बोलणारे त्यासाठी सराव करतात, आपल्याला तो फुकटात मिळतो. तर झालं: अ‍ॅपॉस्ट्रॉफी, ए, एम, बी, ए, जीएच, ए, कॅपिटल डी.

कॅपिटल एस तसाच, तो पोटफोड्या ष. मराठीत आपण श आणि ष एकच करून टाकलेत, क्लिंगॉनने ष सांभाळलाय. त्यामुळे अक्षय छान बसतो: अ‍ॅपॉस्ट्रॉफी, ए, क्यू, कॅपिटल एस, ए, वाय. क नसल्यामुळे क्यू, म्हणजे क़लममधला क़. गणेशचा श आणि सागरचा स, दोघांनाही ष व्हावं लागतं. ण चा न होतो. अ-आ, इ-ई हे भेदही जातात. ळ ला मी ल देतो, कुणी र देईल.

जोडाक्षराने नाव सुरू करता येत नाही. प्रियांकाचं ‘पिरियांक़ा’ होतं. गावाकडच्या आज्या हे कधीपासून करतात! त्यातल्या अनुस्वाराचा ङ मात्र क्लिंगॉनमध्ये आहे, ‘एनजी’ असा लिहितात.

वडिलांचं नाव लावायचं असेल तर सोपं आहे. मालिकेतला वर्फ स्वतःला ‘मोघचा मुलगा’ म्हणवतो. आधी वडिलांचं नाव, मग मुलासाठी ‘पुक़लोड’, मुलीसाठी ‘पुक़बे’ (शेवटी अ‍ॅपॉस्ट्रॉफी). चा-ची लावायचं नाही.

आता फोनवर टाइप करताना. डी, एच, एस आणि आय कायम कॅपिटल. फक्त एच हा ‘सीएच’, ‘जीएच’, ‘टीएलएच’ या जोड्यांत लहान राहतो. लहान क्यू आणि मोठा क्यू हे तर दोन वेगळे आवाज आहेत, म्हणून आपोआप कॅपिटल करणारी सेटिंग बंद करा. इन्स्टाग्रामच्या युजरनेममध्ये कॅपिटल अक्षर किंवा अ‍ॅपॉस्ट्रॉफी चालत नाही, तिथे अक्षयची ओळखच पुसते. ते प्रोफाइलच्या नावात टाका.

पिक़ाड ही क्लिंगॉनची लिपी दिसते झकास, पण युनिकोडने तिचा प्रस्ताव २००१ मध्ये नाकारला. समोरच्याकडे तोच फाँट नसेल तर त्याला नुसते चौकोन दिसतील. स्टिकर करायचं असेल तर चित्र म्हणून सेव्ह करून पाठवा.