छपराखालचा फुटबॉल

फुटबॉल म्हटला, की मुंबईकराला कूपरेज आठवते, पाऊस आठवतो आणि चिखलाने माखलेले खेळाडू आठवतात. हा खेळ डोक्यावर छप्पर घेऊन, दिव्यांच्या झगमगाटात, चार भिंतींत कोंडून खेळावा ही कल्पना आपल्याला विपरीतच वाटेल. पण अमेरिकेत ती चौदा वर्षे चालली. तिच्यावर अनेकांनी पोट भरले, काहींनी पैसा उधळला आणि अखेरीस दिवाळेही वाजले. त्या ‘मेजर इंडोर सॉकर लीग’ची ही हकीकत.

फेब्रुवारी १९७४ मध्ये मॉस्कोचा लष्करी संघ फिलाडेल्फियात छपराखाली एक सामना खेळला. अकरा हजारांहून अधिक माणसे जमली. ती गर्दी पाहून एड टेपर यांच्या मनात बी पडले. अर्ल फोरमन या वकिलाला त्यांनी जोडीला घेतले, आणि २२ डिसेंबर १९७८ रोजी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर सहा संघांच्या या लीगचा पहिला सामना झाला.

आइस हॉकीचे मैदान घ्यायचे, बर्फावर कृत्रिम हिरवळ अंथरायची आणि कडेच्या भिंती तशाच ठेवायच्या. गोलरक्षकासह सहा-सहा खेळाडू, आणि पंधरा मिनिटांचे चार डाव. चेंडू भिंतीवर आपटला तरी खेळ चालूच! चाळीच्या चौकात खेळलेल्या माणसाला ही मौज समजावून सांगायला नको. गोलांचा नुसता पाऊस पडे. त्यात भर म्हणून खेळाडू धुराच्या लोटांतून, संगीताच्या दणदणाटात मैदानावर अवतरत.

या खेळाचा सम्राट होता स्टीव्ह झुंगुल. युगोस्लाव्हियातला हा खेळाडू तिथल्या क्लबची परवानगी न घेता अमेरिकेत आला, म्हणून उघड्या मैदानाची दारे त्याला बंद झाली. छपराखालच्या खेळावर मात्र जागतिक संघटनेचा अंमल नव्हता. त्या फटीतून तो आत शिरला आणि त्याने सहाशेहून अधिक गोल केले. त्याच्या न्यूयॉर्क ॲरोज संघाने पहिली चारही विजेतेपदे जिंकली.

सेंट लुईससारख्या गावात तर १९८१-८२ च्या हंगामात सामन्यामागे सरासरी सतरा हजार प्रेक्षक येत. मग बिघडले कुठे? मला वाटते, प्रेक्षकांत नव्हे, हिशेबात. मोठी सभागृहे भाड्याने घ्यायची, तारांकित खेळाडूंना मोठे पगार द्यायचे आणि तोटा मालकाने खिशातून भरायचा. मालक कंटाळला, की संघ संपला. चार वेळा विजेता ठरलेला ॲरोज संघ १९८४ मध्ये बंद पडला! १९८८ मध्ये पगारांची मर्यादा खाली आणण्यावरून मालक आणि खेळाडू यांच्यात जुंपली. अकरा संघांचे सात उरले. इकडे सॅन डिएगो सॉकर्स संघ दहा वर्षांत आठ वेळा विजेता ठरला. पण जिंकण्याने कर्ज फिटत नाही. १९९० मध्ये लीगने नाव बदलून पाहिले आणि जुलै १९९२ मध्ये डाव मोडला.

हे वाचताना मला आपल्या संगीत नाटक मंडळ्या आठवतात. गंधर्व नाटक मंडळीचे वैभव आणि तिचे कर्ज हातात हात घालूनच चालले होते. अत्तराचा दरवळ, भरजरी पडदे, तुडुंब नाट्यगृह; आणि दाराशी सावकार. मंडळी गेली, पण नाट्यपदे घराघरांत राहिली. मग या लीगचे काय राहिले?

राहिले, तेही थोडे नव्हे. अमेरिकेतली उघड्या मैदानावरची मोठी लीग १९८४ च्या हंगामानंतर बुडाली आणि तिच्या जागी नवी उभी राहायला १९९६ साल उजाडले. मधल्या उजाड वर्षांत फुटबॉलवर चूल पेटवण्याची मुख्य जागा हे छप्परच होते. बेलग्रेडचा प्रेकी १९८५ मध्ये अमेरिकेत आला तो याच लीगमधल्या टॅकोमा संघाकडे. पुढे १९९७ आणि २००३ मध्ये नव्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तो हाच.

आपल्याकडेही २०१६ मध्ये भिंतींविना खेळला जाणारा छपराखालचा फुटबॉल, म्हणजे फुटसाल, थाटात आणला गेला. गोव्याच्या संघातून रोनाल्डिन्यो खेळला, मुंबईच्या संघातून रायन गिग्ज. राष्ट्रीय महासंघाची मान्यता मात्र नव्हती. दोन हंगामांत तोही थाट आटोपला.

पाहुणे मोठे आणले, की मांडव भरतो. पण मांडव म्हणजे घर नव्हे. घराला रोजची माणसे लागतात: गल्लीत खेळणारी पोरे, त्यांना शिकवणारा कुणीतरी, आणि पंचवीस वर्षे तीच बाके अडवून बसणारे म्हातारे. अमेरिकेतल्या त्या मांडवाने निदान एका पिढीला ऊन-पावसात आसरा दिला. चौदा वर्षांच्या आयुष्याला एवढे पुण्य पुष्कळ झाले.