पॉम्पेईच्या गुत्त्यातला शेरा

थोरल्या प्लिनीनं वाइनची प्रतवारी लावली, पण ती श्रीमंतांच्या पंगतीतली. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात तो गेला, आणि त्याच उद्रेकात पॉम्पेई गाडलं गेलं. साध्या माणसाची प्रतवारी तिथल्या भिंतींवर आहे. एका गुत्त्यात भाव लिहिलाय: एका 'आस'ला, म्हणजे किरकोळ नाण्याला, साधी वाइन, दोनला बरी, चारला फालेर्नियन. ही झाली दुकानाची जाहिरात. आता गिऱ्हाईक बघा. दुसऱ्या एका भिंतीवर कुणीतरी गुत्तेवाल्याला शाप दिलाय, की हा आम्हाला पाणी विकतो अन् स्वतः निखळ पितो! गंमत अशी, की रोमन लोक वाइन पाणी घालूनच प्यायचे. निखळ पिणं गावंढळ समजायचे. मग राग कशाचा? माझ्या मते, पाण्याला वाइनचे पैसे मोजावे लागले, त्याचा.