ऑनलाइन वाचनगट

ऑनलाइन वाचनगट म्हणजे एकच पुस्तक ठरावीक मुदतीत वाचून त्यावर आंतरजालाच्या माध्यमातून चर्चा करणारा वाचकांचा समूह होय.

पार्श्वभूमी

पुण्यात १८४८ साली 'पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी' (सध्याचे पुणे नगर वाचन मंदिर) स्थापन झाली. १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. ग्रंथालये व व्याख्यानमाला यांमुळे वाचक एकत्र येत. शहराच्या विस्तारानंतर वारजे, कोथरूड यांसारख्या उपनगरांतून हिंजवडीपर्यंत नोकरीसाठी ये-जा करणाऱ्यांना ठरल्या वेळी एकत्र जमणे अवघड झाले. ऑनलाइन गटामुळे ही अडचण कमी होते.

कार्यपद्धती

गट सहसा व्हॉट्सॲपवर चालतो व महिन्यातून एकदा दृक्‌श्राव्य बैठक होते. पुस्तकाचे भाग पाडून प्रत्येक भागासाठी मुदत ठरवली जाते. लेखी अभिप्राय सदस्यांना सवडीने वाचता येतात. सूत्रसंचालनाची जबाबदारी आळीपाळीने दिल्यास एकाच व्यक्तीवर भार पडत नाही. वाचन अपुरे राहिलेल्यांनाही चर्चेत सामावून घेतल्यास गळती कमी होते.

प्रताधिकार

पुस्तकाची स्कॅन केलेली प्रत परवानगीविना गटात पाठवणे हे प्रताधिकाराचे उल्लंघन ठरू शकते. भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार साहित्यकृतीला लेखकाच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे संरक्षण असते. त्यामुळे ह. ना. आपटे (मृत्यू १९१९) व साने गुरुजी (मृत्यू १९५०) यांचे मूळ साहित्य आता प्रताधिकारमुक्त आहे. असे साहित्य निवडल्यास सर्व सदस्यांना ते विनामूल्य व कायदेशीररीत्या वाचता येते. मराठी विकिस्रोत हा प्रताधिकारमुक्त ग्रंथांचा मुक्त संग्रह आहे.