जुने यांत्रिक कळफलक : छंद आणि पथ्ये

संगणकाचा वेग, पडदा, साठवणक्षमता यांची चर्चा नेहमीच होते. परंतु ज्या साधनाला आपली बोटे दिवसभर स्पर्श करीत असतात, त्या कळफलकाकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. बिघडला की भंगारात टाकावा आणि नवा आणावा, इतकेच त्याचे मोल उरले आहे. जगभर विखुरलेल्या काही हौशींना मात्र हे मान्य नाही. १९७० आणि १९८०च्या दशकांतील यांत्रिक कळफलक शोधणे, साफ करणे, दुरुस्त करणे आणि पुन्हा रोजच्या वापरात आणणे, हा त्यांचा छंद आहे. त्यांच्या मेळाव्यात सामील होऊ इच्छिणाऱ्याने या यंत्राचे तंत्र आणि इतिहास तर जाणून घ्यावाच. त्याबरोबर या छंदाची काही पथ्येही समजून घ्यावीत.

यांत्रिक म्हणजे काय?

आजच्या बहुतेक स्वस्त कळफलकांत सर्व कळांखाली रबराची एकच चादर असते. कळ दाबली की रबराचा छोटा घुमट खचतो आणि त्याखालच्या प्लॅस्टिकच्या पातळ थरांवरील वाहक रेषा एकमेकींना टेकतात. बहुधा कळ तळाला टेकेपर्यंत अक्षर उमटत नाही. शिवाय रबर जुने झाले की कळा जड किंवा मलूल होतात. यांत्रिक कळफलकात प्रत्येक कळेला धातूची स्वतंत्र स्प्रिंग आणि स्वतंत्र यंत्रणा असते. अक्षराची नोंद कळ तळाला जाण्यापूर्वीच होते आणि अनेक प्रकारांत ती झाल्याचे बोटाला व कानाला कळते. त्यामुळे प्रत्येक कळ तळापर्यंत ठोकण्याची गरज उरत नाही. या छंदाचे सारे आकर्षण या एका अनुभवात आहे.

आयबीएमचा वारसा

१९६१ साली आयबीएमने ‘सिलेक्ट्रिक’ हे विजेवर चालणारे टंकयंत्र बाजारात आणले. त्याच्या हलक्या पण ठाम स्पर्शाची सवय झालेले टंकलेखक पुढे संगणकासमोर बसणार होते. त्यांना तसाच प्रतिसाद देणारा कळफलक हवा होता. या दिशेने झालेल्या कामातून ‘वाकणाऱ्या स्प्रिंग’चे तंत्र पुढे आले. रिचर्ड हॅरिस या अभियंत्याला १९७८ साली त्याचे अमेरिकी पेटंट मिळाले.

या रचनेत कळ खाली जाऊ लागली की स्प्रिंग दबत जाते. एका ठरावीक क्षणी ती एकदम बाजूला वाकते आणि तिच्या पायाशी असलेली छोटी पट्टी उलथून विद्युत् नोंद करते. बोटाला जाणवणारी सैल, कानावर पडणारा खटका आणि संगणकाला मिळणारा संकेत या तिन्ही गोष्टी जवळजवळ एकाच क्षणी घडतात.

१९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पहिल्या वैयक्तिक संगणकासोबत ‘मॉडेल एफ’ मालिकेतील ८३ कळांचा कळफलक होता. त्यात धातूच्या दोन पत्र्यांमध्ये सारी यंत्रणा बसवलेली असे. एकाच वेळी कितीही कळा दाबल्या तरी प्रत्येकीची अचूक नोंद होत असे. मात्र तो बनवणे महाग होते. १९८० च्या दशकाच्या मध्यावर आलेल्या ‘मॉडेल एम’मध्ये स्प्रिंग तीच राहिली, पण तिच्याखाली स्वस्त पडदा-सर्किट आले. त्याच्या १०१ कळांच्या मांडणीने पुढे जगाचे मानक घडवले. कार्यकळांची वरची रांग, मधला बाणांचा गट आणि उजवीकडचे अंक ही आज परिचित असलेली रचना या कळफलकामुळे सर्वत्र रूढ झाली.

१९९१ साली आयबीएमपासून ‘लेक्समार्क’ ही कंपनी वेगळी झाली आणि कळफलकांचे काम तिच्याकडे गेले. १९९६ मध्ये केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथील ‘युनिकॉम्प’ने हे तंत्र विकत घेतले. तेव्हापासून ही कंपनी याच पद्धतीचे कळफलक बनवत आली आहे.

चेरी, आल्प्स आणि इतर

जर्मनीत स्थिरावलेल्या ‘चेरी’ कंपनीचे ‘एमएक्स’ स्विच १९८० च्या दशकात आले. त्यांच्या मधल्या दांड्याच्या रंगावरून प्रकार ओळखला जातो. काळा सरळ जातो, त्यात खटका नसतो. निळा स्पर्शाला जाणवतो आणि वाजतोही. तपकिरी जाणवतो, पण फारसा वाजत नाही. कळेचा एकूण प्रवास सुमारे ४ मिलिमीटरचा असतो आणि साधारण अर्ध्यावर नोंद होते.

जपानच्या ‘आल्प्स’ कंपनीचे स्विचही हौशींमध्ये मानाचे स्थान राखून आहेत. ॲपलने १९८७ साली आणलेल्या ‘एक्स्टेंडेड कीबोर्ड’मध्ये ते वापरले होते. त्यांचा स्पर्श मृदू, पण धुळीशी त्यांचे वैर. बंद खोक्यात राहिलेला आल्प्स कळफलक आणि धुळीत पडून राहिलेला कळफलक यांच्या स्पर्शात मोठी तफावत आढळते.

आपल्याकडचा खटका

भारतीय वाचकाला हा आवाज अगदीच अपरिचित नाही. टीव्हीएस इलेक्ट्रॉनिक्सचा ‘गोल्ड’ कळफलक देशभरातील कार्यालयांत, दुकानांच्या गल्ल्यावर आणि अक्षरजुळणीच्या केंद्रांत वर्षानुवर्षे वाजत आला आहे. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत चेरीचे निळे स्विच असत. त्यामुळे या छंदाची सुरुवात परदेशातून काही मागवूनच करावी लागते असे नाही. कार्यालयाच्या अडगळीतला एखादा जुना ‘गोल्ड’ही त्यासाठी पुरेसा आहे.

जुन्या परदेशी कळफलकावर मराठी लिहिता येईल का, हा प्रश्न अनेकांना पडतो. उत्तर होकारार्थी आहे. कळफलक संगणकाला अक्षर पाठवत नाही. कोणत्या जागेची कळ दाबली त्याचा सांकेतिक क्रमांक तेवढा पाठवतो. त्या क्रमांकाचा ‘क’ करायचा की इंग्रजी अक्षर, हे संगणकातील प्रणाली ठरवते. त्यामुळे इन्स्क्रिप्ट किंवा रेमिंग्टन मांडणी ज्याच्या बोटांत बसली आहे, त्याला १९८७ सालच्या मॉडेल एमवरही अडखळण्याचे कारण नाही.

घेण्यापूर्वी काय पाहावे?

मॉडेल एमच्या पाठीवर एक चिकटपट्टी असते. तिच्यावर भाग-क्रमांक आणि निर्मितीची तारीख छापलेली असते. जाणकार प्रथम याच पट्टीचे छायाचित्र मागतात. अन्य कळफलकांच्या बाबतीत एक कळटोपी काढून आतील स्विचचे छायाचित्र घ्यावे. बाहेरून सारखे दिसणाऱ्या दोन कळफलकांत वेगवेगळे स्विच असू शकतात.

दुसरा प्रश्न जोडणीचा. १९८१ च्या संगणकाची सांकेतिक भाषा, १९८४ च्या ‘एटी’ संगणकाची भाषा आणि ॲपलची भाषा निरनिराळी आहे. केवळ खाच जुळवणारा तुकडा नेहमीच पुरत नाही. संकेतांचे भाषांतर करणारा परिवर्तक लागतो. छोट्या मायक्रोकंट्रोलरवर चालणारे असे परिवर्तक हौशींनीच विकसित केले असून त्यांची माहिती सर्वांसाठी खुली ठेवली आहे. जुन्या गोल खाचेचा कळफलक संगणक चालू असताना जोडू किंवा काढू नये, हे पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे.

स्वच्छता आणि दुरुस्ती

कळटोप्या काढण्यापूर्वी मांडणीचे छायाचित्र घ्यावे. टोप्या कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवाव्यात आणि पूर्ण वाळल्यावरच बसवाव्यात. विद्युत् भागांना पाणी लावू नये. आल्प्स स्विचमध्ये तेल किंवा वंगणाचा फवारा मारणे म्हणजे धूळ आत कायमची चिकटवणे होय.

मॉडेल एमचे खास दुखणे म्हणजे आतील प्लॅस्टिकचे रिव्हेट. वयानुसार ते ठिसूळ होऊन तुटतात आणि कळांचा खटका बोथट होतो. कळफलक हलवल्यावर आत तुकडे खुळखुळत असतील, तर हा दोष संभवतो. उरलेले रिव्हेट कापून तेथे बारीक छिद्रे पाडायची आणि छोटे बोल्ट बसवायचे, हा त्यावरचा रूढ उपाय आहे. मॉडेल एफमध्ये पत्र्यांमधील फोमचा भुगा होतो. तो बदलावा लागतो. दोन्ही कामे वेळखाऊ आहेत, पण साध्या हत्यारांनी घरी होण्यासारखी आहेत.

जतन की तोडफोड?

या छंदाला एक काळी बाजूही आहे. जुने टर्मिनल आणि संगणक त्यांच्या स्वतःच्या कळफलकाशिवाय चालत नाहीत. त्यांची जोडणी आणि संकेत त्या यंत्रापुरतेच असतात. कळफलकांना भाव आल्यावर विक्रेते ते यंत्रांपासून वेगळे करून विकू लागले. काही हौशींनी तर दुर्मीळ स्विच किंवा कळटोप्यांसाठी धडधाकट कळफलक मोडले. जुन्या संगणकांचे संग्राहक याविषयी उघड नाराजी व्यक्त करतात आणि ती रास्त आहे. कळफलक गेला की मागे उरलेला संगणक मुका होतो आणि बहुधा भंगारात जातो.

म्हणून नवागताने पहिला नियम हा मानावा : जे यंत्र आणि कळफलक अद्याप एकत्र आहेत, त्यांची ताटातूट करू नये. एकटा पडलेला, बिघडलेला कळफलक घ्यावा आणि तो चालता करावा. दुरुस्तीत काढलेला मूळ भाग जपून ठेवावा. केलेला प्रत्येक बदल लिहून ठेवावा, म्हणजे पुढच्या मालकाला तो उलटवता येईल. आपण शिकलेली युक्ती इतरांना सांगावी. मॉडेल एमच्या रिव्हेटवरचा उपायही असाच एकाकडून दुसऱ्याकडे पोचला आहे.

चाळीस वर्षांपूर्वीचा कळफलक आजच्या संगणकावर चालतो, याचे श्रेय मूळ अभियंत्यांच्या भक्कम बांधणीला जितके, तितकेच तो उघडून समजून घेणाऱ्यांनाही आहे. संग्रहात किती कळफलक आहेत, यापेक्षा त्यांतील किती चालतात आणि किती जणांना ते चालवता येतात, यावरच या छंदाची खरी किंमत ठरते.