पोलिसांची गाडी आणि रस्त्यावरचा रुग्ण

कैदी आणि रुग्ण एकाच गाडीतून नेले जात असत, हे आज सांगितले तर रूपक वाटेल. अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत हा रोजचा व्यवहार होता. कुणी घरात कोसळले, कुणाचा अपघात झाला, तर पोलिसांना बोलवायचे. पोलीस आपली बंद गाडी घेऊन येत, रुग्णाला कापडी स्ट्रेचरवर घालून मागे ठेवत आणि दोघेही पुढे बसून रुग्णालयाकडे सुटत. मागे रुग्णाजवळ कोणी नसे. उचलायचे आणि पळवायचे, एवढेच त्या सेवेचे शास्त्र. इतर शहरांत हे काम अनेकदा अंत्यविधीचा व्यवसाय करणारे शववाहिनीतून करीत. म्हणजे पिट्सबर्गची स्थिती अपवादात्मक वाईट होती, असेही नव्हे.

परंतु ही गाडी ज्या वस्तीत शिरत होती, तिचा विचार केल्याशिवाय या इतिहासाचा अर्थ लागत नाही. हिल डिस्ट्रिक्ट ही शहरातील कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती. नाटककार ऑगस्ट विल्सन यांचा जन्म १९४५ साली येथेच झाला, आणि त्यांच्या दहा नाटकांच्या मालिकेतील नऊ नाटके याच वस्तीत घडतात. साहित्याच्या वाचकांना ती तेथून परिचित असेल. १९५०च्या दशकात नगरपुनर्रचनेच्या नावाखाली वस्तीचा खालचा भाग पाडण्यात आला आणि सुमारे आठ हजार माणसे विस्थापित झाली. अशा ठिकाणी पोलीस हे अटक करणारे म्हणून ओळखीचे. छातीत कळ आली म्हणून त्यांनाच घरी बोलवायचे, यापेक्षा दुखणे अंगावर काढणे अनेकांना बरे वाटे. ज्या हातात दंडुका पाहिला, त्या हातात नाडी देणे सोपे नसते.

या व्यवस्थेचा फटका अखेर ती चालवणाऱ्यांनाही बसला. डेव्हिड लॉरेन्स हे शहराचे माजी महापौर आणि राज्याचे माजी गव्हर्नर. हिलवरची पाडापाडी त्यांच्याच महापौरपदाच्या काळात सुरू झाली होती. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी एका प्रचारसभेत भाषण करीत असताना ते कोसळले. श्रोत्यांतील एका परिचारिकेने त्यांना कृत्रिम श्वास दिला; पुढे पोलिसांच्या गाडीतून त्यांना रुग्णालयात नेले. तेथे हृदय पुन्हा सुरू झाले, पण मेंदू वाचला नव्हता. २१ नोव्हेंबरला त्यांचे निधन झाले. पीटर सफार हे ऑस्ट्रियात जन्मलेले भूलतज्ज्ञ तेव्हा पिट्सबर्गमध्येच होते. तोंडाने श्वास देणे आणि छाती दाबणे यांची सांगड घालून देणाऱ्यांपैकी ते एक प्रमुख. त्याच वर्षी दम्याच्या झटक्याने त्यांची मुलगी गेली होती. रुग्णालयाचे दार गाठण्यापूर्वीची मिनिटे हाच खरा प्रश्न आहे, हे त्यांना कुणी पटवून देण्याची आवश्यकता उरली नव्हती.

यातून १९६७मध्ये ‘फ्रीडम हाउस’ची रुग्णवाहिका सेवा आकाराला आली. हिलमधील बेकार तरुण निवडले गेले. काही व्हिएतनामहून परतलेले, काहींचे शाळेचे शिक्षणही अपुरे, काही तर तुरुंगात जाऊन आलेले. त्यांना सुमारे ३०० तासांचे प्रशिक्षण देण्यात आले: शरीररचना, श्वसन, हृदयक्रिया, वाहन चालवणे. १९६८मध्ये गाड्या रस्त्यावर आल्या आणि पहिल्याच वर्षात त्यांनी ५,८०० हून अधिक हाकांना धाव दिली. ज्यांना शहराने ‘कामाला अयोग्य’ ठरवले होते, ती माणसे रस्त्यावर असे उपचार करू लागली, जे पोलिसांना कधी शिकवलेच गेले नव्हते.

साहजिकच पोलिसांशी खटके उडाले. मदतीची हाक प्रथम पोलिसांकडेच जाई, आणि फ्रीडम हाउसची मंडळी पोलिसांचा रेडिओ ऐकत त्यांच्याआधी पोहोचण्याची धडपड करीत. येथे पोलिसांना सरसकट खलनायक ठरवण्याचा मोह आवरायला हवा. त्यांना हे काम शिकवलेले नव्हते, ते त्यांच्यावर पडलेले होते. दोष होता तो पडलेले काम अधिकार म्हणून जपण्यात. आपल्याकडेही १९८९मध्ये परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की पोलिसांची कागदपत्रे नंतर, जखमीचा जीव आधी. तेथे अडसर पोलिसांचा कमी आणि पोलिसी प्रक्रियेच्या धास्तीचा अधिक होता.

१९७४मध्ये डॉ. नॅन्सी कॅरोलिन या सेवेच्या वैद्यकीय संचालक झाल्या. रात्री-अपरात्री गाडीवर जाऊन, एकेका प्रसंगाची चिकित्सा करून त्यांनी हे काम अधिक काटेकोर केले. तरीही महापौर पीट फ्लाहर्टी यांनी शहराची स्वतंत्र सेवा उभी केली आणि ऑक्टोबर १९७५मध्ये फ्रीडम हाउस बंद पडले. तिच्या लोकांना सामावून घेण्याचे ठरले होते खरे, परंतु नव्या, प्रामुख्याने गोऱ्या सेवेत परीक्षा आणि बदल्या अशा काही रचल्या गेल्या की बरेच जण गळाले. जॉन मून टिकले आणि पुढे उपप्रमुखपदापर्यंत पोहोचले.

कथा येथे सरळ संपली असती, पण त्याच राज्यातील फिलाडेल्फिया ती संपू देत नाही. तेथे गोळी लागलेल्या वा भोसकलेल्या माणसाला रुग्णवाहिकेची वाट न पाहता पोलिसांनी आपल्याच गाडीत घालून न्यावे, असे धोरण १९८०च्या दशकापासून आहे. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या चार हजारांहून अधिक जखमींच्या अभ्यासात, जखमांची तीव्रता लक्षात घेता, पोलिसांनी नेलेले आणि रुग्णवाहिकेने नेलेले यांच्या मृत्युदरात लक्षणीय फरक आढळला नाही. वाहत्या रक्ताला शस्त्रक्रियेचे टेबल हवे असते. थांबलेल्या श्वासाला त्याच क्षणी माणूस हवा असतो. लॉरेन्स यांना दुसरे हवे होते आणि मिळाले पहिले.

कॅरोलिन यांनी पिट्सबर्गच्या अनुभवावर लिहिलेले पाठ्यपुस्तक १९७९मध्ये निघाले आणि पुढे कित्येक आवृत्त्यांतून अमेरिकेतील पॅरामेडिकांच्या हाती गेले. त्याच्या नावाचा मराठी अर्थ होतो ‘रस्त्यांवरची तातडीची शुश्रूषा’. ते रस्ते हिलचे होते.